सत्तावीस इंची रिम आणि तीन टायर : एका जुन्या रॅलेचे प्रकरण

सायकल रॅलेची. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात १९७०च्या दशकात बनलेली, दहा गिअरची, खाली वळलेल्या हँडलची. मालक सदाशिव पेठेत राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. त्यांचे मामा बर्मिंगहॅमला नोकरीला होते. कायमचे परतताना त्यांनी सामानाबरोबर ही सायकलही आणली. मामांच्या मागे ती बरीच वर्षे वाड्याच्या जिन्याखाली उभी होती. फ्रेम सरळ, रंग बऱ्यापैकी, गिअर हलणारे. टायरचा मात्र भुगा झाला होता. बोट लावले की बाजूच्या रबराची खपली हातात यायची, आणि त्या खपल्यांबरोबर टायरवर छापलेले मापही गेले होते.

माझ्याकडे सायकल आली तेव्हा दोन नवे टायर आधीच वाया गेले होते. अशा विलायती रोड सायकली पुण्या-मुंबईत अजून पुष्कळ घरांत आहेत, आणि त्यांचे घोडे नव्वद टक्के वेळा टायरपाशीच अडते. टायर मिळत नाही, किंवा मिळतो पण बसत नाही, म्हणून चांगली सायकल भंगारात जाते. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण अडचण खरे तर सुटण्यासारखी असते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी काय झाले

काकांनी मागचे चाक सोडवून घराजवळच्या सायकलवाल्याकडे नेले. त्याने रोजच्या सवयीने नजरेनेच माप घेतले आणि २८ x १ १/२ चा टायर दिला. आपल्याकडच्या काळ्या, रॉड ब्रेकच्या सायकलीला हाच टायर असतो. तालुक्याच्या कुठल्याही गावात मिळतो. दोन्ही चाके शेजारी उभी केली तर फरक डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे त्याचा अंदाज अगदीच बिनबुडाचा नव्हता.

टायर हातानेच चढला, लिव्हर, म्हणजे टायर रिमवर उचलून घालायची पट्टी, लागलीच नाही. काकांना ते बरे वाटले, पण धोक्याची खूण तीच होती. कडेत तार असलेला नवा टायर शेवटच्या वीतभर अंतरात अंगठ्यांना सहसा दाद देत नाही. तो जर हसतखेळत चढला, तर तो रिमपेक्षा मोठा असण्याची शंका घ्यावी आणि हवा भरण्याआधी माप तपासावे. इथे पंप लावल्यावर साधारण ४० पीएसआयला (हे हवेच्या दाबाचे एकक) टायर एका बाजूने रिमच्या कडेवर चढला, ब्रेकला टेकला, आणि त्या फटीतून ट्यूब बाहेर येऊन फुटली.

मग मुलाने इंटरनेटवरून ७०० x ३२C टायर मागवला. आजच्या बहुतेक सगळ्या रोड सायकलींना ७०० मापाचेच टायर असतात, तेव्हा त्याचेही चुकले असे म्हणता येणार नाही. हा टायर मात्र काही केल्या चढेना. प्लॅस्टिकच्या दोन लिव्हर मोडल्या, जोर लावताना ट्यूबला चिमटा बसून भोके पडली. आणि त्या टायरच्या बाजूवर ७०० च्या खाली बारीक अक्षरांत छापलेले होते : २८ x १ ५/८ x १ १/४.

काकांनी दोन्ही टायर माझ्यासमोर ठेवले. म्हणाले, ‘‘अरे, हाही अठ्ठावीस, तोही अठ्ठावीस. एक ढिला होतो आणि एक चढत नाही. मग माझी रिम आहे तरी केवढी?’’

इंच कशाचे?

काकांचा प्रश्न नेमका होता, आणि त्याचे उत्तर कळले की जुन्या सायकलींच्या टायरचे निम्मे कोडे सुटते.

टायरवर इंचात छापलेला आकडा रिमचा नसतो. तो टायरचा बाहेरचा व्यास असतो, तोही ते माप पहिल्यांदा ठरले तेव्हाच्या टायरचा. पुढे त्याच रिमवर बारीक टायर बनू लागले, बाहेरचा व्यास कमी झाला, पण नाव जुनेच राहिले. टायर रिमवर बसतो तो मात्र आतल्या तारेच्या व्यासाने. ज्या गोलावर टायरची तार टेकते, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये देण्याची पद्धत युरोपातल्या टायर आणि रिम बनवणाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे ईटीआरटीओने रुळवली, आणि आज बहुतेक टायरवर तो आकडा रुंदीला जोडून छापलेला असतो. ३२-६३० म्हणजे रुंदी ३२ मिमी, तारेचा व्यास ६३० मिमी.

आता तीन मापे घ्या : काकांच्या दोन टायरांची, आणि या सायकलीचे असावे असा माझा अंदाज होता ते सत्तावीस इंची. काळ्या सायकलीच्या अठ्ठावीस-दीडचा तारेचा व्यास ६३५. त्यात दोन्ही बाजूंची ३८-३८ मिमी उंची मिळवली की ७११ मिमी होतात, म्हणजे बरोबर २८ इंच. फ्रेंचांचे ७००C हे माप मुळात ३९ मिमीच्या आसपासच्या जाड टायरचे. ६२२ अधिक ७८, म्हणजे ७०० मिमी. तेही इंचात २८च्या जवळ जाते, म्हणून त्यालाही २८ म्हणायला लागले. आणि इंग्लंडच्या हलक्या सायकलींचे २७ x १ १/४ म्हणजे ६३० अधिक ६४, एकूण ६९४ मिमी, २७ इंचांच्या किंचित वर.

म्हणजे तारेच्या व्यासाने लावायचे झाले तर क्रम असा : अठ्ठावीस (६३५), मग सत्तावीस (६३०), आणि सर्वांत लहान पुन्हा अठ्ठावीस (६२२). सत्तावीसचा टायर दोन अठ्ठाविसांच्या मधे बसतो. काकांच्या मुलाने आणलेला ७०० x ३२C फुगवून मोजला असता तर ६८६ मिमी भरला असता, म्हणजे जेमतेम २७ इंच! नावावर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

पाच आणि आठ मिलिमीटर हे आकडे ऐकायला किरकोळ वाटतात. पण व्यासातले ८ मिमी म्हणजे परिघात २५ मिमी. टायरच्या कडेतली पोलादी तार ताणून इंचभर वाढत नाही. म्हणून लिव्हर मोडल्या. जोर कमी पडला म्हणून नव्हे.

जाता जाता आणखी एक सापळा सांगतो, कारण तो आपल्या बाजारात नेहमी भेटतो. अपूर्णांकात लिहिलेले माप आणि दशांशात लिहिलेले माप गणिताने सारखे असले तरी टायर एकमेकांच्या जागी चालत नाहीत. २६ x १ १/२ ची तार ५८४ ची, २६ x १.५० ची ५५९ ची. दुकानदार ‘तेच आहे हो’ म्हणाला तरी मिलिमीटरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

रिम मोजली

एवढे कळले तरी काकांची रिम ६३० चीच आहे हे अजून गृहीतकच होते. टायरवरचा छाप गेलेला, रिमवर गंज. अशा वेळी व्यास थेट मोजायला जाऊ नये. मधे हब आणि एक्सेल येतात, टेप सरळ बसत नाही. परीघ मोजावा. शिंप्याची टेप ताणते, म्हणून पोलादी टेप घेऊन ती रिमच्या बाहेरच्या कडांवरून गुंडाळली. २०२० मिमी भरले. त्याला ३.१४ ने भागले की ६४३. या रीतीत टेप तीनेक मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी व्यासात एकाच मिलिमीटरचा फरक पडतो, हा मोठा फायदा. मग कडेची आतली उंची, म्हणजे तार जिथे टेकते तिथपासून कडेच्या टोकापर्यंतची, कॅलिपरने घेतली : साडेसहा. दोन्ही बाजूंचे मिळून १३. ६४३ वजा १३, सहाशे तीस.

नंतर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून क्रोम घासले. क्रोमवरचा वरवरचा गंज याने छान निघतो, ओरखडे पडत नाहीत. व्हॉल्वच्या भोकाशेजारी 27 x 1 1/4 असा ठसा दिसू लागला. काका वाकून ते आकडे बघत राहिले. ‘‘लिहिलेलंच होतं की रे!’’

इंग्लंडमधल्या स्पोर्ट्स सायकलींचे हे नेहमीचे माप. १९७०च्या दशकात अमेरिकेत दहा गिअरच्या सायकलींची लाट आली, त्यांतल्या बहुसंख्य सायकलींवरही हेच. पुढे १९८०च्या दशकात रोड सायकली ७००C कडे वळल्या आणि सत्तावीस मागे पडले. पण टायर बनायचे थांबले नाहीत. पॅनारेसर, श्वाल्बे, केंडा अशा कंपन्यांनी हे माप चालू ठेवले, म्हणूनच या सायकली अजून रस्त्यावर येऊ शकतात.

कड सरळ आहे की वळलेली

माप जुळले की काम झाले असे बरेच जण धरून चालतात. मला यापुढची पायरी तितकीच महत्त्वाची वाटते.

रिमच्या कडेच्या आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. आजच्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या रिमला वरच्या टोकाशी आत वळलेला छोटा ओठ लागतो. हवेचा दाब वाढला की टायरची कड या ओठात अडकते आणि वर सरकत नाही. काकांच्या पोलादी रिमची भिंत सरळ होती, बोटाला काहीच अडले नाही. अशा रिमवर टायरला धरून ठेवणारे दोनच घटक : तारेचा घट्टपणा आणि तारेची बसण्याची जागा. यावरून दोन गोष्टी ठरल्या. घडी होणारा, कडेत तारेऐवजी केव्हलारचा धागा असलेला टायर या रिमवर घ्यायचा नाही. तो थोडा ताणतो आणि सरळ भिंतीवरून निसटू शकतो. आणि दाब ठरवताना टायरवर छापलेला कमाल आकडा प्रमाण मानायचा नाही.

टायर मागवला तो तारेचा, ३२-६३०, बाजू खाकी रंगाची. काळ्या बाजूचाही चालला असता, पण मामांच्या सायकलीला मूळचा रंग शोभतो, आणि काकांचीही तीच इच्छा होती.

ट्यूबच्या बाबतीत एवढी काटेकोर गरज नाही. रबर ताणते, त्यामुळे ७०० x २८–३२ ची ट्यूब सत्तावीसमध्ये बिनदिक्कत चालते; बऱ्याच खोक्यांवर दोन्ही मापे छापलेलीच असतात. विचार करावा लागला तो व्हॉल्वचा. रिमचे भोक साडेआठ मिलिमीटरचे. बारीक प्रेस्टा व्हॉल्व घातला तर भोवती फट राहते, ट्यूब त्या फटीत दबून व्हॉल्वच्या बुडाशी फाटते. मग रिंग बसवावी लागते. आपल्या साध्या सायकलीचा वॉलट्यूबवाला व्हॉल्व भोकात बसला असता, पण त्यात आतला दाब गेजवर खरा कळत नाही, आणि इथे दाबावरच सगळी मदार. म्हणून मोटारसायकलला असतो तसा जाड श्रेडर व्हॉल्व घेतला. भोकात चपखल बसतो, गेज लागतो, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

चढवणे

आधी रिमची आतली बाजू. एकपदरी रिम असल्यामुळे निपलांच्या, म्हणजे स्पोक रिमला धरणाऱ्या बारीक नटांच्या, टोकांतून स्पोक वर आले होते, तीन ठिकाणी चांगले टोचण्याइतके. ते कानशीने सपाट केले. तारेच्या ब्रशने गंज काढून आत रेड ऑक्साइडचा पातळ हात मारला, तो पूर्ण वाळू दिला. जुनी रबरी पट्टी कडक होऊन तडकलेली, ती फेकून कापडी रिम टेप लावली. चाकाचा आउट काढला, म्हणजे स्पोक कमीजास्त आवळून ते सरळ केले. मागचे चाक ब्रेकपाशी बऱ्यापैकी डुलत होते.

मग टायर. ट्यूबमध्ये दोन फुंका भरतील एवढीच हवा, म्हणजे तिला आकार येतो आणि ती कडेखाली चेपत नाही. टायरच्या आतून टाल्कम पावडर चोळली. एक बाजू चढवली, ट्यूब आत बसवली, आणि दुसरी बाजू व्हॉल्वच्या समोरून सुरू करून दोन्ही हातांनी व्हॉल्वकडे आणत गेलो. हा क्रम महत्त्वाचा. रिमला मधोमध खोलगट नाली असते. टायरची चढलेली कड सगळीकडून त्या नालीत ढकलत राहिले तरच शेवटच्या तुकड्याला ढील मिळते. बहुतेक लोक व्हॉल्वपासून सुरुवात करतात. तिथे ट्यूबचे बूड जाड असल्यामुळे कड नालीत उतरत नाही, आणि शेवटी ढील कमी पडते. इथे शेवटची वीत अंगठ्यांच्या जोरावर गेली, लिव्हर न लागता, पण दम काढून. योग्य मापाचा टायर असाच चढतो.

आता व्हॉल्व आत दाबून पुन्हा ओढून घेतला, म्हणजे त्याचे जाड बूड टायरच्या कडेखाली अडकलेले असेल तर सुटते. २५ पीएसआय भरून चाक फिरवले. टायरच्या बाजूला, रिमच्या कडेला समांतर एक बारीक उंचावलेली रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. दोन्ही बाजू नीट बघितल्या. उजवीकडे व्हॉल्वपाशी वीतभर जागी रेघ रिमखाली बुडाली होती. म्हणजे तिथे टायर पुरता वर आलेला नव्हता. तसाच चालवला असता तर प्रत्येक फेऱ्याला सायकल उडाली असती. हवा सोडली, त्या जागी कडेला साबणाचे पाणी लावले, टायर हाताने वर ओढून घेतला आणि पुन्हा भरला. चाळिशीला कड ‘टप्’ करून जागेवर आली. हा आवाज आणि ती रेघ, या दोन्हींची खात्री झाल्याखेरीज मी पुढे हवा भरत नाही.

चाक सायकलीत घालताना ब्रेकची मधली तार सोडवून घेतली. या सायकलीला वाइनमानचे सेंटर-पुल ब्रेक आहेत. ती आडवी तार निघाली की ब्रेक रबरे दूर होतात आणि फुगलेला टायर सहज आत जातो.

दाब

टायरवर कमाल ८५ पीएसआय छापलेले. काकांचे वजन ७२ किलो, टायर ३२ मिमीचा, रिम सरळ भिंतीची आणि पन्नास वर्षांच्या आसपासची. मी मागे ६० आणि पुढे ५० ठरवले. मुलाला ते कमी वाटले. टायर दगडासारखा कडक असला की सायकल पळते असा समज अजून आहे. पण एवढ्या रुंद टायरला एवढ्या वजनाला ६० पुरते. त्याहून जास्त भरल्याने वेग फारसा वाढत नाही, हाडे मात्र खिळखिळी होतात, आणि सरळ भिंतीवरून टायर सुटण्याचा धोका वाढतो. चालू सायकलीचा पुढचा टायर सुटला तर काय होते ते मी दुसऱ्याच्या बाबतीत पाहिले आहे. या आकड्यावर मी तडजोड करत नाही.

पेट्रोल पंपावरची हवा भरायची नाही, हेही काकांना बजावले. सायकलीच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती! तिथल्या कॉम्प्रेसरने दोन क्षणांत दाब कुठल्या कुठे जातो. घरी गेज असलेला उभा पंप घ्यायला लावला.

चाकेच बदलली असती तर?

मुलाचे म्हणणे होते की जुन्या रिमचा नाद सोडून ॲल्युमिनियमची ७००C चाके घालावीत. हा मार्ग चुकीचा नाही, आणि काही सायकलींना मी तोच सुचवतो. ६३० वरून ६२२ वर आले की रिम ब्रेकपासून ४ मिमी खाली जाते. ब्रेकच्या खाचेत रबरे तेवढी खाली सरकणार असतील तर जमते. इथे खाचेत ७ मिमी शिल्लक होते. अडचण मागच्या चाकाची. पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलसाठी या फ्रेमच्या मागच्या दोन टोकांत १२० मिमी अंतर आहे, आणि नंतरच्या रोड सायकलींचे रिम ब्रेकचे हब १३० चे. पोलादी फ्रेम उघडून घेता येते, पण ते जाणत्या हातांचे काम, शिवाय गिअरची जुळणी नव्याने करावी लागते. काकांच्या रिम कुठे चेपलेल्या नव्हत्या, स्पोक मजबूत होते, हबमध्ये ग्रीस बदलल्यावर चाके लोण्यासारखी फिरू लागली. धडधाकट चाके काढून टाकायला मला तरी कारण दिसेना. काकांनीही नकार दिला.

ॲल्युमिनियमच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो मी काकांपासून लपवला नाही. क्रोमची पोलादी रिम ओली झाली की ब्रेक फारच कमी लागतो. कोरड्या रस्त्यावर ठीक; पावसात थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. पोलादी रिमसाठी चामड्याचा थर असलेली ब्रेक रबरे मिळतात, फायब्रॅक्सची अशी रबरे इंग्लंडमध्ये प्रसिद्ध आहेत. ओल्या क्रोमवर ती साध्या रबरापेक्षा पुष्कळ बरी. मुलाच्या ओळखीचे कोणी तिकडून येणार आहेत, त्यांच्याबरोबर ती मागवली आहेत. तोवर पावसात ही सायकल बाहेर काढायची नाही, असे ठरले.

नंतर

पहिले काही दिवस काका पहाटे कर्वे रस्त्याने वारज्यापर्यंत जाऊन येत. मग खडकवासल्यापर्यंत गेले. परत आल्यावर सायकल दाखवायला घेऊन आले, तेव्हा मी पहिल्यांदा ती रेघ पाहिली : दोन्ही चाकांवर सगळीकडे सारखी. दाब मागे ५५ वर आला होता, आठवड्याला एवढी हवा कमी होणे नेहमीचेच. पुढच्या चाकात एक स्पोक सैल पडला होता, तो आवळला.

ब्रेक रबरांबरोबर ३२-६३० चा आणखी एक जोडही मागवायला सांगितला आहे. हे माप दर वेळी हवे तेव्हा मिळेलच याची खात्री नाही. टायर आला की घडी न घालता, उन्हापासून आणि पंपाच्या मोटारीपासून लांब, कपाटात आडवा ठेवायचा. मोटारीच्या ठिणगीतून ओझोन निघतो आणि त्याने रबराला चिरा पडतात. वाड्याच्या जिन्याखाली, जिथे ही सायकल इतकी वर्षे होती, तिथेच पाण्याची मोटार आहे. सायकल आता वरच्या मजल्यावर ठेवतात.